साबुदाण्याची पापडी आणि मक्याची पिशवी

‘मक्यापासून बनवलेली’ असे पिशवीवर छापलेले दिसले की ती कुठेही टाकली तरी विरघळून जाईल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. नुसत्या स्टार्चची पिशवी दोन किलो कांदेही पेलणार नाही, म्हणून अशा पिशव्यांत सहसा दुसरे पॉलिमर (लांब साखळ्यांच्या रेणूंचे, प्लास्टिकसारखे द्रव्य) मिसळलेले असते.

साबुदाण्याची पापडी आठवा. तो शिजलेल्या स्टार्चचा पापुद्राच. ओला असताना लुसलुशीत, उन्हात वाळला की कटकन मोडणारा. ग्लिसरीन घातले तर तो लवचीक होतो, पण ताकद जाते आणि पावसाळी हवेत तो पाणी ओढून सादळतो.

मातीच्या भिंतीला भेगा पडू नयेत म्हणून आपण तिच्यात भुसा मिसळत आलो. स्टार्चचा पापुद्रा असाच मजबूत करायचा, तर भुशाची जागा घेतात वनस्पतींतले सेल्युलोजचे नॅनोतंतू, ५ ते ५० नॅनोमीटर जाडीचे, केसाहून हजार पटींहूनही बारीक.

मला सर्वांत भावते ते पुढचे. स्टार्च आणि सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच माळा. फरक मणी ओवण्याचा. स्टार्चमधल्या अल्फा जोडांमुळे माळ स्प्रिंगसारखी वळते. सेल्युलोजमध्ये बीटा जोड असतात, एकाआड एक मणी उलटा बसतो आणि माळ सरळ राहते. अशा सरळ माळा एकमेकींना बिलगतात, हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधल्या जातात, स्फटिक होतात. त्यांचा ताठपणा सुमारे १४० गिगापास्कल. पोलादाचा २००, पण पोलाद पाचपट जड! स्टार्च आणि सेल्युलोज, दोघांच्याही अंगावर हायड्रॉक्सिल गट (असे हायड्रोजन बंध जुळवणाऱ्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असल्याने स्टार्च या तंतूंना आपणहून धरतो. तंतूंचे प्रमाण वाढवत नेले की एका टप्प्यावर ते एकमेकांना टेकून सलग जाळे तयार होते. याला परकोलेशन म्हणतात. तंतू सडपातळ असल्याने त्यासाठी काही टक्केच पुरतात. मग ताण जाळे झेलते आणि स्टार्चचे फुगणेही आवरते.

१९९८ मध्ये फ्रान्समधल्या ड्युफ्रेन आणि विन्यों या संशोधकांनी बटाट्याच्याच स्टार्चमध्ये बटाट्याचेच सेल्युलोज तंतू घालून हे दाखवले. पापुद्रा ताठ झाला, पाणीही कमी शोषू लागला.

‘नॅनो’ छापून मोबाईलचे ‘किरण शोषणारे’ स्टिकर विकले जातात, त्यांचा या विज्ञानाशी काडीचाही संबंध नाही. इथला प्रत्येक तंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतो.

उसाच्या चिपाडात, केळीच्या खोडात हेच सेल्युलोज आहे. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नॅनोसेल्युलोज बनवण्याचा प्रायोगिक प्रकल्पही आहे. अडचण वाळवण्याची आहे. पाणी गेले की तंतू स्टार्चऐवजी एकमेकांनाच घट्ट चिकटतात आणि पुन्हा नीट सुटे होत नाहीत. त्यामुळे ते पातळ खिरीसारखे, बहुतांशी पाणीच असलेले, कारखान्यापर्यंत न्यावे लागतात, आणि ते पाणी उडवायला इंधन जाळावे लागते.