शुद्ध पूर्ण न आलेल्या रुग्णासाठी संवेदना-उद्दीपन : घरच्यांसाठी माहितीपत्रक

मेंदूला जबर मार लागल्यानंतर जो रुग्ण डोळे उघडतो, पण हाक मारली तर ओ देत नाही आणि आपल्याकडे बघतो आहे की नुसताच समोर, हे कळू देत नाही, अशा रुग्णाला डिस्चार्जनंतर घरी आणलेल्या कुटुंबांसाठी हे पत्रक आहे. आमचे थेरपिस्ट घरी येऊन जे उपचार देतात, त्यांत संवेदना-उद्दीपन हा एक भाग असतो. ओळखीचा आवाज, स्पर्श, चेहरा किंवा वास मोजक्या प्रमाणात आणि ठरलेल्या वेळी देऊन रुग्णाची जाग व त्याचा प्रतिसाद वाढवण्याचा हा प्रयत्न आहे.

याने रुग्ण शुद्धीवर येईलच, असे आम्ही कुणालाही सांगत नाही. उपलब्ध अभ्यासांचा जो आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २००२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात या उपचाराच्या बाजूने किंवा विरुद्ध ठाम म्हणता येईल असा पुरावा आढळला नव्हता. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेतील थेरेसा पेप यांच्या गटाने १५ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही रुग्णांना घरच्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या, त्यांच्या एकत्र आयुष्यातल्या आठवणी सहा आठवडे रोज ऐकवल्या होत्या आणि त्यांची सुधारणा इतरांपेक्षा चांगली दिसली. अभ्यास लहान आहे, तरी घरच्या माणसाच्या आवाजाला आम्ही पहिले स्थान देतो ते त्यामुळेच.

घरोघरी आम्हाला उणीव दिसते ती उद्दीपनाची नव्हे, विश्रांतीची. टीव्ही दिवसभर चालू असतो, भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलेली असते आणि प्रत्येक जण खांदा हलवून ‘मला ओळखलंस का?’ असे विचारतो. या माऱ्यात जखमी मेंदूला एकही आवाज वेगळा काढता येत नाही आणि तो लवकर थकतो. म्हणून टीव्ही, पंखा, मिक्सर बंद करून, खोलीत एकाच माणसाने थांबून, एका वेळी एकच संवेदना द्यावी. सत्र दहा-पंधरा मिनिटांचे पुरे, आणि त्याआधी व नंतर रुग्णाला स्वस्थ पडू द्यावे. रुग्णाला घरात ज्या नावाने हाक मारत, त्याच नावाने हाक मारावी, एकच छोटी गोष्ट सांगावी (‘बाबा, माझा हात दाबा’) आणि मग किमान दहा सेकंद गप्प राहावे. हे गप्प राहणे घरच्यांना सर्वांत जड जाते, हे आम्ही जाणतो. पण प्रतिसाद उशिरा येतो आणि आपण घाईने दुसरा प्रश्न विचारला की तो हरवतो. नजरेसाठी चेहऱ्यासमोर आरसा धरून तो सावकाश बाजूला न्यावा, कारण स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर जाण्याचा संभव इतर वस्तूंपेक्षा अधिक असतो.

वासासाठी मोगरा किंवा कॉफी चालेल. मात्र गळ्यात श्वासाची नळी असेल तर नाकातून हवा फारशी जात नाही, आणि डोक्याला मार लागल्यावर वासाची जाणीवच गेलेली असू शकते, त्यामुळे प्रतिसाद न मिळाल्यास खचू नये. गिळण्याची तपासणी होईपर्यंत चव म्हणून मधाचे बोट किंवा तीर्थाचा थेंबही तोंडात घालू नये. तो श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कवटीचे हाड काढलेल्या बाजूला दाब देऊ नये.

चेहरा लाल होणे, घाम सुटणे, श्वास किंवा नाडी वाढणे, हातपाय ताठ होणे यांपैकी काहीही दिसल्यास सत्र लगेच थांबवावे. झटका (फिट) आल्यास डॉक्टरांशी ताबडतोब संपर्क साधावा.

प्रत्येक सत्राची नोंद वहीत करावी, उदाहरणार्थ : ‘सकाळी ९.४०. आईचा आवाज. १२ सेकंदांनी नजर डावीकडे. दुसऱ्यांदा काही नाही.’ ‘काही नाही’ हेही लिहावे, कारण डोळ्यांची ती हालचाल आपोआप झाली की हाकेमुळे, हे आम्हाला अशा अनेक नोंदी शेजारी ठेवूनच ठरवता येते आणि पुढच्या आठवड्याचे सत्र त्यावरच बेतता येते. पहिल्या भेटीच्या वेळी डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनचा अहवाल आणि चालू औषधांची यादी जवळ ठेवावी. झोप आणणारी औषधे केव्हा दिली जातात, हे पाहूनच आम्ही सत्राची वेळ ठरवतो.