सही नको, धार दाखवा

‘हजार वेळा घडी घातलेलं पोलाद’ अशी जाहिरात करून जपानी तलवारी ऑनलाइन विकल्या जातात. शाळेतलं गणित आठवा. तापलेलं पोलाद दुमडून ठोकलं की थर दुप्पट होतात. पंधरा घड्यांत ३२,७६८ थर. हजार घड्या घातल्या तर थरांची संख्या दृश्य विश्वातल्या अणूंच्याही पुढे जाईल! खरे कारागीर साधारण दहा-पंधरा घड्या घालतात, आणि तेही चमत्कारासाठी नाही. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो इथे लोहवाळू आणि कोळसा तीन दिवस-रात्र भट्टीत जाळून तामाहागाने हे पोलाद काढतात. त्यात कार्बन कुठे जास्त, कुठे कमी असतो, मळीही असते. घड्या घालून ठोकल्याने मळी बाहेर पडते आणि कार्बन सारखा पसरतो.

तलवारीची खरी गंमत पुढे आहे, पाणी देण्यात. आपला लोहारही कोयत्याला पाणी देतो. जपानी कारागीर त्याआधी पात्यावर माती लिंपतो: पाठीवर जाड थर, धारेवर अगदी पातळ. मग पातं लालबुंद तापवून पाण्यात.

तापलेल्या पोलादात लोखंडाचे अणू अशा रचनेत असतात, की कार्बनला त्यांच्यामध्ये मावायला जागा मिळते. या रूपाला ऑस्टेनाइट म्हणतात. सावकाश निवलं तर कार्बन बाहेर सरकतो, लोखंड आणि लोह-कार्बाइडचे एकाआड एक पापुद्रे तयार होतात, म्हणजे पर्लाइट. ते त्या मानाने मऊ आणि चिवट. पण उष्णता झटक्यात काढून घेतली तर कार्बनला हलायला वेळच मिळत नाही. लोखंडाची रचना बदलते, कार्बन आतच अडकतो आणि घनाकृती जाळी एका दिशेने ताणली जाते. हे मार्टेन्साइट: अतिशय कठीण, ठिसूळ, आणि ऑस्टेनाइटपेक्षा सुमारे चार टक्के जास्त जागा व्यापणारं.

ही चार टक्के वाढ मला फार आवडते, कारण तलवारीचा बाक बऱ्याच अंशी तीच घडवते. पाण्यात शिरताच आधी धार निवते, आकसते, आणि पातं क्षणभर धारेच्या बाजूला झुकतं. लगेच धारेत मार्टेन्साइट बनू लागतं, धार फुगते, पातं उलट पाठीकडे वळतं. मातीखालची पाठ मागाहून, सावकाश पर्लाइट होते. या ओढाताणीत काही पाती तडकतात आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते.

कठीण आणि मऊ भागांची ही सीमारेषा म्हणजे हामोन. संग्राहक तिथेच डोळे लावून बसतात. दिव्याखाली पातं तिरपं धरलं की काही ठिकाणी सुटे, चमकते कण दिसतात, त्यांना निए म्हणतात. कण डोळ्यांना वेगळे न दिसता नुसतं धुकं दिसलं तर ते निओई. दोन्ही मार्टेन्साइटच, फरक आकाराचा. मासामुने या नामांकित लोहाराची सोशू परंपरा निएसाठी नावाजलेली, बिझेन प्रांताची मुख्यतः निओईसाठी. म्हणजे स्फटिकांच्या आकारावरून घराण्याचा अंदाज बांधता येतो! नकली पात्यावर ही रेषा आम्लाने कोरलेली असते. ती पांढरी दिसते, पण तिच्यात हे कण नसतात. दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच लष्करी तलवारी तेलात थंड केलेल्या होत्या. तेल पाण्यापेक्षा सावकाश उष्णता खेचतं, म्हणून त्यांत निए क्वचितच. आणखी एक घोळ असा, की आजचे पॉलिश करणारे अस्सल पात्यावरही दगडाने पांढरी झाक आणतात. तिची कड म्हणजे हामोन नव्हे.

मुरामासा या लोहाराच्या तलवारी शापित, जपानवर राज्य केलेल्या तोकुगावा घराण्याच्या रक्ताला चटावलेल्या, ही कथा अजून खपते. मुरामासाचं गाव कुवाना आणि तोकुगावांचा मूळ प्रांत मिकावा हे दोन्ही इसे उपसागराच्याच परिसरात. जवळच्या चांगल्या लोहाराच्या तलवारी तिथल्या सामुराईंच्या कमरेला भरपूर असणारच, मग घराण्यातला कोणी तलवारीने मेला तर ती मुरामासाची निघण्याची शक्यताही मोठी. शापाची गरज कुठे पडते?

राहिली सही. ती मुठीत जाणाऱ्या भागावर, नाकागोवर कोरतात, आणि नामांकितांच्या खोट्या सह्या शतकानुशतकं कोरल्या जात आल्या आहेत. कोतेत्सु या लोहाराचं नाव त्यात फार पुढे. शिवाय जुनी लांब तलवार मागून कापून आखूड केली की अस्सल सहीही बऱ्याचदा गेलीच. म्हणून जाणकार सहीइतकाच नाकागोचा गंज आणि कानशीचे चरे बघतात. शेकडो वर्षांचा गंज गडद आणि घट्ट असतो, त्याची नक्कल अवघड. १९४५ साली ब्रह्मदेश-मलायात जपान्यांनी शरणागती पत्करली तेव्हा भारतीय पलटणींसमोरही अशा तलवारी ठेवल्या गेल्या. एखादी आपल्याकडच्या कपाटात निघाली, तर नाकागोला पॉलिश पेपर लावू नका. वयाचा पुरावा त्या गंजातच असतो.