सोलर बसवायचंय? आधी वीजबिलावरचं नाव आणि सातबारा तपासा

पुण्यात सोलरची चौकशी बहुतेक जण वेंडरच्या कोटेशनपासून सुरू करतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की कोटेशन नंतर मागवा, आधी कागद बघा. घराचा अनुदानाचा अर्ज अडकतो वीजबिलावरच्या नावामुळे आणि शेतपंपाचा अडकतो सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसल्यामुळे. या दोन गोष्टी आधी मार्गी लावल्या की पुढची प्रक्रिया ऑनलाइन आहे आणि बऱ्यापैकी सरळ आहे.

यंत्रणेबद्दल थोडक्यात. सिलिकॉनच्या पॅनेलवर ऊन पडलं की डीसी वीज तयार होते आणि इन्व्हर्टर तिची घरातल्या उपकरणांना चालणारी एसी वीज करून घराला देतो. एक किलोवॉटसाठी साधारण शंभर चौरस फूट, सावली नसलेली जागा लागते. वर्षाची सरासरी धरली तर एका किलोवॉटमागे दिवसाला चारेक युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. गच्चीवरची पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली यांची सावली सकाळी आणि दुपारी चारनंतर कुठपर्यंत जाते, हे स्वतः वर जाऊन बघा. वेंडर दुपारी बारा वाजता येऊन गेला तर त्याला ती दिसणार नाही.

घरासाठी

केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळतं. हे पैसे यंत्रणा सुरू झाल्यावर खात्यात येतात. त्यामुळे सुरुवातीचा सगळा खर्च आपल्याला करावा लागतो किंवा कर्ज काढावं लागतं. सरकारी बँका यासाठी तारण न घेता कर्ज देतात.

पात्रतेच्या अटी कमी आहेत. अर्जदार भारतीय नागरिक हवा, घराला छत आणि चालू घरगुती वीजजोडणी हवी, आणि त्या घरासाठी सोलरचं अनुदान आधी घेतलेलं नसावं.

आता महावितरणचं बिल हातात घ्या. त्यावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक, मंजूर भार (आपल्या जोडणीला मंजूर असलेले किलोवॉट) आणि गेल्या काही महिन्यांचा वापर हेच अर्जाचं भांडवल आहे. महिन्याचा वापर दीडशे युनिटपर्यंत असेल तर एक ते दोन किलोवॉट पुरतात, दीडशे ते तीनशेला दोन ते तीन. मग नाव वाचा. पेठांमधल्या जुन्या घरांत बिल अजून आजोबांच्या नावावर येतं, फ्लॅटमध्ये आधीच्या मालकाच्या किंवा बिल्डरच्या. नोंदणी ज्याच्या नावाने करायची त्याचंच नाव बिलावर हवं, आणि बँक खातंही त्याचंच. नाव बदलायला महावितरणकडे अर्ज करताना इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) किंवा खरेदीखत, मालमत्ता कराची पावती आणि ओळखपत्र जोडा. वारसा असेल तर मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती तयार ठेवा.

यानंतर pmsuryaghar.gov.in या राष्ट्रीय पोर्टलवर राज्य, वीज कंपनी, ग्राहक क्रमांक आणि मोबाइल टाकून नोंदणी करा. दहा किलोवॉटपर्यंत वेगळ्या तांत्रिक तपासणीसाठी थांबावं लागत नाही. वेंडर पोर्टलच्या यादीतलाच निवडा आणि पॅनेल देशी बनावटीचे असल्याची खात्री करा, नाहीतर अनुदान मिळत नाही. पाच वर्षांची देखभाल करारात लिहून घ्या. जोडणी झाली की महावितरण पाहणी करून नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारं मीटर बसवतं आणि पोर्टलवर यंत्रणा सुरू झाल्याचं प्रमाणपत्र येतं. मग रद्द केलेला धनादेश आणि खात्याचा तपशील अपलोड करायचा.

दोन गैरसमज मात्र आत्ताच काढून टाका. बॅटरी नसलेली यंत्रणा लाइट गेली की बंद पडते. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या छतावरची वीज लागू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. आणि वापर शून्य दिसला तरी स्थिर आकार, म्हणजे बिलातली दरमहाची ठरलेली रक्कम, भरावाच लागतो.

सोसायटीत गच्ची सामाईक असते. एकट्याच्या फ्लॅटसाठी पॅनेल लावायचे तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या. माझ्या मते कोथरूड किंवा वाकडसारख्या भागातल्या इमारतींनी आधी लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे यांचं सामाईक मीटर सोलरवर घ्यावं. त्यासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे, मर्यादा घरामागे तीन किलोवॉटच्या हिशोबाने एकूण ५०० किलोवॉटपर्यंत. सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, आणि तो मंजूर करून घेणं हेच खरं काम आहे.

शेतपंपासाठी

जुन्नर-आंबेगावकडे रात्रीच्या लाइटवर उसाला पाणी द्यायला जाणं म्हणजे बिबट्याच्या वावरात उतरणं. दिवसा पाणी देता येणं ही तिथे चैन नाही, जिवाची गरज आहे. म्हणून राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेची माहिती प्रत्येक घरात पोचली पाहिजे. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, बाकी अनुदान. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात एचपीपर्यंतचा पंप मिळतो.

विहीर, बोअर, शेततळं किंवा बारमाही नदी-नाला असा पाण्याचा शाश्वत स्रोत हवा. शेतात पंपाची पारंपरिक वीजजोडणी असेल किंवा आधीच्या सौर पंप योजनेचा लाभ घेतला असेल तर हा पंप मिळत नाही.

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर करायचा. आधार, बँक पासबुक, फोटो, लागू असल्यास जातीचा दाखला आणि सातबारा जोडायचा. सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद नसेल तर आधी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करून ती लावून घ्या. जमीन किंवा विहीर भावाभावांत सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं नाहरकत पत्र लागतं. हे पत्र मिळवताना घरातलं जुनं दुखणं वर येतं, म्हणून ते सर्वांत आधी हाती घ्या.

कागद तपासून झाले की हिस्सा भरण्याचा संदेश येतो. पैसे महावितरणच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरा; फोनवर किंवा अनोळखी लिंकवर कोणी मागितले तर एक रुपयाही देऊ नका. मग यादीतून पुरवठादार निवडायचा आणि त्याच्यासोबत जागेची पाहणी होते. त्या वेळी स्वतः हजर राहा आणि पाण्याची उन्हाळ्यातली खोली खरी सांगा, कारण पंप त्यावर ठरतो. पंप आणि पॅनेल यांना पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा असतो. चोरी किंवा वादळात नुकसान झालं तर फोटो काढा, चोरी असेल तर लगेच पोलिसांत तक्रार द्या आणि पुरवठादाराला लेखी कळवा. विम्याच्या दाव्याला हेच कागद लागतात.