जागा चुकली की फोन उपाशी: बिनतारी चार्जरची पार्श्वभूमी

रात्री फोन चार्जिंगच्या चकतीवर ठेवून झोपावं आणि सकाळी पाहावं तर बॅटरी 23 टक्के. वर पाठ गरम. झालेलं एवढंच असतं की झोपेत धक्का लागून फोन दोन बोटं सरकलेला असतो. फोन, घड्याळ आणि इअरबड्स एकदम चार्ज करेल, वीज उधळणार नाही आणि दोन-चार वर्षांत कचऱ्यातही जाणार नाही असा चार्जर कसा बनवायचा, यावर डिझाइनच्या विद्यार्थ्यांपासून बड्या कंपन्यांपर्यंत सगळे डोकं खपवताहेत. आणि बरेच जण अडतात ते त्या दोन बोटांपाशीच.

तत्त्व जुनं आहे. मायकेल फॅराडेने 1831 मध्ये दाखवून दिलं की तारेच्या एका वेटोळ्यातला प्रवाह बदलत राहिला तर शेजारच्या वेटोळ्यात, तार न जोडताही, वीज तयार होते. एक वेटोळं चकतीत, दुसरं फोनच्या पाठीत, आणि दोन्ही समोरासमोर नसली की वीज नीट पोचत नाही. स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडीही याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच की शेगडीला भांडं तापवायचं असतं, तर चार्जरला काहीही तापू द्यायचं नसतं. चकती आणि फोन यांच्यामध्ये चुकून नाणं राहिलं तर ते शेगडीवरच्या पातेल्यासारखं तापतं, म्हणून अशी परकी वस्तू ओळखून वीज तोडण्याची सोय चांगल्या चार्जरमध्ये असते.

बिनतारी वीज म्हटलं की निकोला टेस्लाचं नाव येतंच. त्याने 1901 मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा मनोरा बांधायला घेतला, पैसा आटला, आणि 1917 मध्ये तो पाडला गेला. गोष्ट मोठी रंजक, पण आपल्या टेबलावरच्या चार्जरशी तिचं नातं फार दूरचं. आपल्या चार्जरचा खरा पूर्वज म्हणजे न्हाणीघरातला इलेक्ट्रिक टूथब्रश. ओल्या हाताजवळ उघडे धातूचे टोक नकोत म्हणून त्यात बिनतारी चार्जिंग आलं. आणि ब्रश खुंटीवर अडकवावा तसा ठरलेल्या जागी बसत असल्याने दोन्ही वेटोळी आपोआप समोरासमोर यायची. म्हणजे जागेचा प्रश्न तिथे सुटलेलाच होता. फोन सपाट चकतीवर आला आणि आपणच तो पुन्हा उकरून काढला.

2007 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ मारिन सोल्याचिच आणि सहकाऱ्यांनी दोन मीटरवरचा 60 वॅटचा दिवा बिनतारी पेटवून दाखवला. अंतराच्या मानाने कामगिरी थोरच, पण कार्यक्षमता 40 टक्क्यांच्या आसपास. निम्म्याहून जास्त वीज वाटेतच गेली. हवेतून खोलीभर चार्जिंगची स्वप्नं अजून विकली जातात, तेव्हा हा आकडा आठवावा.

बाजार मात्र जवळच्या अंतराच्याच मार्गाने गेला. 2008 मध्ये वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम ही कंपन्यांची संघटना उभी राहिली आणि 2010 मध्ये तिने 5 वॅटचं पहिलं मानक आणलं. नाव ‘ची’, म्हणजे चिनी भाषेतली प्राणशक्ती. मराठीत वाचताना षष्ठीचा प्रत्ययच वाटतो. यातली हुशारी अशी की ज्या वेटोळ्यातून वीज येते त्यातूनच फोन चार्जरला निरोप पाठवतो: अजून दे, कमी कर, पुरे. पण प्रतिस्पर्धी मानकंही होती, आणि काही वर्षं एका कॅफेतली चकती एका फोनला चालायची, दुसऱ्याला नाही. 2017 च्या सप्टेंबरमध्ये ॲपलने आयफोन 8 आणि आयफोन टेनमध्ये ‘ची’ घेतलं आणि पारडं कायमचं झुकलं.

त्याच कार्यक्रमात ॲपलने एअरपॉवर जाहीर केलं. छोटीशी चटई, तिच्यावर फोन, घड्याळ, इअरबड्सची डबी कुठेही, कशीही टाका. यासाठी पृष्ठभागाखाली एकमेकांवर चढलेली बरीच वेटोळी लागतात, आणि कोणत्या वस्तूखालचं कोणतं वेटोळं चालू करायचं हे क्षणोक्षणी ठरवावं लागतं. वेटोळी जवळ आली की एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात, आणि जिथे ढवळाढवळ तिथे उष्णता. 2019 च्या मार्चमध्ये बाजारात आलेल्या एअरपॉड्सच्या खोक्यावर या चटईचं चित्रही होतं. 29 मार्चला कंपनीने जाहीर केलं की आमच्या दर्जाला ती उतरत नाही, प्रकल्प बंद. इतरांनी तोच हट्ट पुढे नेला. टेस्ला या मोटार कंपनीने 2022 मध्ये 30 वेटोळ्यांची चकती 300 डॉलरला काढली. तीस! तीन वस्तूंसाठी.

‘कुठेही ठेवा’ या सोयीची किंमत वीज, तांबं आणि उष्णता अशी तिहेरी आहे. 2020 मध्ये गुगलच्या पिक्सेल 4 फोनवर केलेल्या एका मोजणीत तारेपेक्षा बिनतारी चार्जिंगला सरासरी 47 टक्के जास्त वीज लागली होती. रोज पूर्ण चार्ज केला तरी हा फरक वर्षाला अडीच युनिटच्या आसपास. बिलात कळणारसुद्धा नाही. पण फोन अब्जावधी आहेत. आणखी एक किंमत तर कोणी मोजतच नाही. धातूची पाठ चुंबकीय क्षेत्र अडवते, म्हणून फोनच्या पाठी काचेच्या झाल्या. तार वाचवली आणि फुटायला आणखी एक काच दिली.

2020 मध्ये आयफोन 12 च्या पाठीत चुंबकांचं कडं आलं, आणि फोन चकतीवर आपसूक मधोमध बसू लागला. ही कल्पना 2023 मध्ये जाहीर झालेल्या ‘ची 2’ मानकात सर्वांसाठी खुली झाली. म्हणजे दहा-बारा वर्षं फिरून गाडी टूथब्रशच्या खुंटीपाशीच आली, आणि माझ्या मते ते बरंच झालं. एकाहून जास्त वस्तूंसाठी आजचा शहाणा चार्जर म्हणजे तीन ठरलेल्या जागा, प्रत्येकीला एक वेटोळं. अडतं ते घड्याळापाशी. घड्याळ चार्ज करणाऱ्या टिकल्या कंपनीगणिक वेगळ्या, त्यामुळे ब्रँड बदलला की तिसरी जागा मेलीच.

कचऱ्याचा विचार या सगळ्यात उशिरा आला, तोही तारेच्या बाजूने. युरोपीय संघाचा अंदाज होता की टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरचा कचरा वर्षाला सुमारे 11,000 टन होतो. 2022 च्या निर्देशाने 28 डिसेंबर 2024 पासून तिथे फोनला टाइप-सी सक्तीचं झालं. बिनतारीचा निर्णय पुढे ढकलला गेला. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. चार्जर उघडता यावा असं मात्र अजून कोणी बजावलेलं दिसत नाही.

माझी तीन जागांची चकती बंद पडली तेव्हा तिला एकही स्क्रू नव्हता. दुरुस्तीवाल्याने कडेने ब्लेड फिरवून झाकण उचकटलं. आत तांब्याची तीन वेटोळी, त्यांच्याखाली फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या काळ्या, पातळ चकत्या, बिस्किटाएवढा सर्किट बोर्ड. सगळं ठणठणीत. गेलं होतं फक्त केबलचं सॉकेट. “हे उघडायला बनवलेलंच नाही,” असं म्हणत त्याने दहा मिनिटांत नवं सॉकेट डाग देऊन बसवलं. झाकण काही पुन्हा चिकटलं नाही. गेले आठ महिने त्याला रबरबँड आहे.