सॅकमधली हार्डडिस्क ते स्नॅपशॉट

महाप्याला आमचा सर्व्हर स्वतःच्या रॅकमध्ये होता तेव्हा ऑफसाइट बॅकअप म्हणजे काय, तर शुक्रवारी संध्याकाळी एक्स्टर्नल हार्डडिस्क टॉवेलात गुंडाळून सॅकमध्ये टाकायची आणि कोपरखैरण्याहून लोकल पकडून ठाण्याला घरच्या कपाटात नेऊन ठेवायची. दोन वर्षं हे काम माझ्याकडे होतं. हत्यारं दोनच, फाइल्स एकत्र बांधणारं टार आणि फाइल्स दुसरीकडे कॉपी करणारं आरसिंक. आरसिंक १९९६ चं, पण अजून तोड नाही, कारण ते अख्खी फाइल न पाठवता फक्त बदललेला भाग पाठवतं.

मग मार्च २००६ ला अमेझॉनचं एसथ्री, म्हणजे फाइल्स ठेवायची भाड्याची ऑनलाइन जागा, आलं आणि ऑगस्टमध्ये ईसीटू, म्हणजे भाड्याचे सर्व्हर. तेव्हा ईसीटूची डिस्क तात्पुरती असायची, इन्स्टन्स (असा एक भाड्याचा सर्व्हर) टर्मिनेट केला की डेटा गेला, त्यामुळे क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारं टूल) लावून डेटाबेसचा डम्प, म्हणजे पूर्ण कॉपी, एसथ्रीत टाकणं भागच होतं. ऑगस्ट २००८ ला ईबीएस आलं, टिकणारी डिस्क आणि सोबत स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची डिस्कची कॉपी, पहिला पूर्ण आणि पुढचे फक्त बदललेल्या ब्लॉकचे. सोय खूप मोठी झाली, पण माझ्या मते सवय इथेच सुटली, 'क्लाउडवर आहे ना, मग वेगळा बॅकअप कशाला' हे मी तेव्हापासून ऐकतोय.

हे किती महागात पडतं ते ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड होस्टिंग कंपनीत दिसलं. चुकून मेन सर्व्हरवरचाच डेटाबेस डिलीट झाला, आणि बघायला गेले तर डम्प बनतच नव्हते, कारण टूलचं व्हर्जन डेटाबेसशी जुळत नव्हतं, आणि फेल झाल्याचे मेलही रिजेक्ट होत होते. शेवटी कोणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या स्नॅपशॉटने वाचवलं. मार्च २०२१ ला फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळलं, तिथे तर सर्व्हर आणि बॅकअप एकाच आवारात असलेल्यांचं दोन्ही गेलं.

आपल्याकडे अमेझॉनचं मुंबई रीजन (एका भागातल्या डेटा सेंटरांचा गट) जून २०१६ ला आलं, त्याआधी आम्ही सिंगापूरला होतो. नोव्हेंबर २०२२ ला हैदराबाद आल्यावर दुसरी कॉपी देशातच पण लांब ठेवता यायला लागली, मला हे फार मोलाचं वाटतं.

आता ऐरोलीच्या ऑफिसात महिन्यातून एकदा आम्ही स्नॅपशॉटवरून नवीन सर्व्हर उभा करून बघतो. पहिल्याच वेळी साइट उघडली, लॉगिन झालं, पण एकही फोटो दिसेना, कारण अपलोडचा फोल्डर वेगळ्या व्हॉल्यूमवर, म्हणजे वेगळ्या डिस्कवर होता आणि त्याचा स्नॅपशॉट कोणी लावलेलाच नव्हता. तो त्याच दुपारी लावला.