नाताळची बशी आणि पाण्याची चाल

पावसाळ्यात डब्याचं झाकण सैल राहिलं तर शेव दुसऱ्या दिवशी चिवट लागते. तीच शेव डिसेंबरात इंदूरच्या घरी उघड्या वाटीत संध्याकाळभर राहिली तरी कुरकुरीत असते. शेव करणाऱ्याचा हात तोच असतो, हवा बदललेली असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या या माळव्याच्या पठारावर हिवाळ्यात हवा कोरडी असते आणि रात्री गार होतात. खमंग, तळलेलं खायला घालण्यासाठी चार माणसं बोलवायची तर यापेक्षा बरा महिना सापडायचा नाही.

शिवाय नाताळ आता फक्त व्हाइट चर्चला जाणाऱ्यांपुरता राहिलेला नाही. रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगरातल्या मराठी घरांतही त्या आठवड्यात मुलांचे मित्र, ऑफिसातली मंडळी, शेजारचं ख्रिस्ती कुटुंब अशी वर्दळ असते. केक बेकरीतून येतो, जेवणाचा बेतही ठरलेला असतो. अडतं ते पहिल्या तासाला. आठला बोलावलेले पाहुणे साडेनऊपर्यंत कधीही उगवतात (वेळेच्या बाबतीत आम्ही इंदूरकर उदार आहोत) आणि तोवर स्टार्टरची, म्हणजे जेवणाआधीच्या छोट्या घासांची, बशी फिरती ठेवायची असते. काय करावं, याचं उत्तर शोधताना पाककृतीच्या आधी एक प्रश्न विचारावा: या पदार्थातलं पाणी आत्ता कुठे आहे, आणि अर्ध्या तासाने ते कुठे गेलेलं असेल?

तो छोटा घास मुळात द्यायचा कशासाठी, हेही पाहू. इव्हान पावलोव्ह म्हटलं की लोकांना घंटा आणि कुत्रा आठवतो, पण १९०४ चं नोबेल त्यांना पचनाच्या अभ्यासासाठी मिळालं. कुत्र्याने गिळलेला घास जठरात पोचण्याआधीच बाहेर पडेल अशी शस्त्रक्रिया त्यांनी केली होती. अन्न जठरात गेलंच नाही, तरी जठररस पाझरू लागला. चव आणि वास कळताच मेंदू व्हेगस नावाच्या नसेतून जठराला कामाला लावतो. पुढे ससेक्स विद्यापीठातल्या मार्टिन येओमन्स यांनी १९९० च्या दशकात माणसांवर प्रयोग केले. पदार्थ चविष्ट असेल तर पहिल्या काही घासांत भूक आधी वाढते आणि मग उतरू लागते, असं त्यांना दिसलं. म्हणून स्टार्टर खारट, आंबट, खमंग आणि लहान हवा. समोशाएवढा समोसा स्टार्टर म्हणून देणं ही माझ्या मते जेवण करणाऱ्याची थट्टा आहे.

आता कुरकुरीतपणाकडे. तळलेल्या किंवा भाजलेल्या पदार्थाचा कुरकुरीत भाग बहुतांशी वाळलेल्या स्टार्चचा असतो. त्यातले लांब रेणू जागच्या जागी अडकलेले असतात. भौतिकशास्त्रात हिला काचेसारखी अवस्था म्हणतात. दात रोवला की असा पदार्थ वाकत नाही, तडकतो. पाण्याचे थोडे रेणू आत शिरले की त्या लांब रेणूंना हलायला वाव मिळतो आणि तडकण्याऐवजी तो दबतो. किती पाणी आहे यापेक्षा ते किती मोकळं आहे, हे इथे महत्त्वाचं. ते जल-सक्रियता या आकड्याने मोजतात. शुद्ध पाण्याची जल-सक्रियता १, ताज्या काकडीची ०.९८ च्या वर, कुरकुरीत बिस्किटाची ०.३ च्या आसपास किंवा कमी. बिस्किट ०.४-०.५ च्या पुढे सरकलं की मऊ पडतं. पाणी नेहमी जास्त आकड्याकडून कमी आकड्याकडे जातं, मग मधे हवा असो किंवा चटणीचा थर.

कुरकुरीतपणा कानालाही कळतो. ऑक्सफर्डमध्ये मॅसिमिलियानो झॅम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी लोकांना हेडफोन लावून बटाट्याच्या चिप्स खायला दिल्या आणि चावण्याच्या आवाजातला तीक्ष्ण भाग कमी-जास्त केला. आवाज वाढवला की त्याच चिप्स लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताज्या वाटल्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाला २००८ चं इग नोबेल मिळालं. ते पारितोषिक हसवणाऱ्या संशोधनाला देतात, पण हा निष्कर्ष गंभीर आहे. स्पीकरवर कर्कश गाणी लावून वर महागडं नमकीन मांडणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

इंदूरच्या नाताळाला साजेसा स्टार्टर शोधायला लांब जायला नको. सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की हिवाळ्यात त्यांच्या पुढ्यात गराडूच्या कढया लागतात. महाराष्ट्रातल्या कोनफळाच्या कुळातला हा कंद. सोलताना हाताला खाज सुटते, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. हाताला आधी तेल लावलं की त्रास कमी होतो. फोडी करून दोनदा तळायच्या, आणि या दोनदा तळण्यातच सगळी गंमत आहे.

पहिल्या खेपेला तेल मध्यम, १५० अंशांच्या आसपास. आतला स्टार्च साधारण ७० ते ८० अंशांना फोडीतलंच पाणी पिऊन फुगतो आणि गराडू शिजतो. कढईत उठणारे बुडबुडे म्हणजे त्या फोडीतून बाहेर पडणारी वाफ. पृष्ठभाग ओला असेतो त्याचं तापमान १०० अंशांपुढे फारसं जात नाही, म्हणून रंगही येत नाही. तळलेल्याचा सोनेरी रंग आणि वास ज्या प्रक्रियेतून येतात ती फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये मांडली. ती झपाट्याने व्हायला १४० अंशांच्या आसपास तापमान लागतं. त्यामुळे पहिल्या तळणीतून फोडी फिकट बाहेर येतात, आणि तशाच यायला हव्यात.

मग त्या पसरून गार होऊ द्यायच्या. या विश्रांतीत आतलं पाणी हळूहळू बाहेरच्या थराकडे सरकतं आणि पृष्ठभागावरचा फुगलेला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो. दुसऱ्या खेपेला तेल १८० अंशांपर्यंत तापवलं की बाहेरच्या थरातलं पाणी काही मिनिटांत उडतं, तिथे कोरडं, जाड कवच धरतं आणि आत गराडू मऊ राहतो. बुडबुडे मंदावले की समजावं, आता उपसायची वेळ झाली. यजमानाच्या दृष्टीने यातली खरी सोय अशी की पहिली तळणी दुपारीच उरकता येते. पाहुणे कधीही येवोत, दुसरी तळणी पाच मिनिटांची.

पदार्थ बहुतेक तेल पितो तो कढईबाहेर आल्यावर. तळताना वाफ बाहेर रेटत असते, तेलाला आत जायला जागा मिळत नाही. बाहेर काढल्यावर आतली वाफ निवून पुन्हा पाणी होते, पोकळ्यांमधला दाब घटतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झारा कढईवरच नीट झटकायचा. फोडी जाळीवर सुट्या टाकायच्या, कागदावर ढीग करायचा नाही. ढिगात खालच्या फोडींची वाफ वरच्यांना मऊ करते.

वर जिरावण, म्हणजे इंदूरचा आंबट-तिखट कोरडा मसाला. लिंबू पिळायचा मोह होतो, आणि सराफ्यात पिळतातही, पण तिथे द्रोण हातात पडताच माणूस खायला लागतो. घरी बशी फिरत असेल तर जिरावणातला आमचूर कामी येतो. आंबटपणा मिळतो, पाणी मिळत नाही. लिंबाच्या फोडी बाजूला ठेवाव्यात, ज्याला हवं तो पिळेल.

गराडू मिळाला नाही तर बटाट्यालाही हाच न्याय. फक्त तळायचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते, मग ते तळताना लवकर काळपट होतात आणि त्यात ॲक्रिलामाइडही जास्त तयार होतं. अन्नातल्या या नकोशा रसायनाकडे जगाचं लक्ष २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधनाने वेधलं. सोनेरी रंगावर थांबणं चवीलाही बरं.

दुसरा स्टार्टर न तळता होतो. युरोपी पद्धतीत पावाच्या छोट्या तुकड्यावर चीज आणि काहीतरी रचतात. आपल्याकडे पावापेक्षा मठरी किंवा खाकरा उत्तम. मठरीच्या पिठात घातलेलं मोहन पिठाच्या कणांना वेढून ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनाचे लांब धागे जुळू देत नाही, म्हणून ती खुसखुशीत होते. त्यावर चीजऐवजी चक्का. श्रीखंडासाठी चक्का टांगणाऱ्या घरांना हे शिकवायला नको. दही लागताना पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास आला की दुधातल्या केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना धरून जाळं तयार करतात. टांगलं की त्या जाळ्यातलं पाणी निथळतं. साखरेऐवजी त्यात वाटलेला लसूण, मिरी, कोथिंबीर घातली की झालं.

घोटाळा होतो तो यापुढे. चक्का कितीही निथळला तरी त्याची जल-सक्रियता मठरीच्या कितीतरी वर असते. दोघांची गाठ घालून दिली की अर्ध्या तासात मठरी मऊ. मधे लोण्याचा पातळ थर, अगदी कडेपर्यंत, लावला तर पाण्याची वाट बरीच मंदावते, कारण स्निग्धात पाणी जवळजवळ विरघळत नाही. वर काकडी घालायची तर खमंग काकडीचा नियम लागू: मीठ अगदी शेवटी. मीठ पडलं की पेशींबाहेरचं द्रावण तीव्र होतं आणि आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. किंवा उलट करा, आधीच मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळून घ्या.

अंडं चालणाऱ्या घरात उकडलेल्या अंड्याचे भरलेले अर्धे तुकडे हा सगळ्यात कमी कटकटीचा प्रकार. यात कुरकुरीत काहीच नाही, त्यामुळे मऊ पडायची भीतीही नाही. अंडी दोन-चार दिवस जुनी घ्यावीत. कवचाच्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढऱ्याचा पीएच ७.६ पासून ९ च्या वर चढतो आणि ते आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतं. सोलणं सोपं होतं. जास्त उकळलं तर पांढऱ्यातल्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड बनतो, त्याची बलकातल्या लोहाशी गाठ पडते आणि बलकाभोवती हिरवट कडं येतं. खायला निर्धोक, दिसायला उदास. दहा-बारा मिनिटांनी थेट गार पाण्यात टाकली की ते टळतं. बलक चक्क्यात कालवून वर काळं मीठ भुरभुरावं. काळ्या मिठाच्या वासामागेही गंधकाचीच संयुगं आहेत, त्यामुळे दोघांचं जमतं.

एवढे तीन पुरेत. अमेरिकन संशोधक बार्बरा रोल्स यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं होतं की एकाच चवीचा कंटाळा त्या चवीपुरताच असतो. समोर वेगवेगळे पदार्थ ठेवले तर माणसं जास्त खातात. आठ प्रकार मांडाल तर पुलाव उरेल.

चक्का आणि अंडी यांच्याबाबत मात्र घड्याळ पाहावं. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. बाहेर दहा-बारा अंश असले तरी माणसांनी भरलेली, दारं लावलेली खोली त्या पट्ट्यात चांगलीच आत असते. दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेलं पुन्हा फ्रिजमध्ये सारू नये. अंड्यांची निम्मी बशी आत ठेवून द्यावी, साडेनऊवाले आले की काढावी.