मुंगीरूपी कोळी: दोन नावांमागची पार्श्वभूमी

गावाच्या जैवविविधता नोंदवहीत मुंगीसारखा दिसणारा उडी मारणारा कोळी लिहायचा झाला, की नावापाशी हात थांबतो. पेठ-सुरगाण्यापासून नाशिक शहरापर्यंत नोंदी करणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं. आंब्याची पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची हुबेहूब नक्कल करणारा कोळी जुन्या पुस्तकांत मिर्मराक्ने आहे, तर नव्या याद्यांत मिर्माप्लाटा.

मिर्मराक्ने हा वंश (जवळच्या जातींचा गट) १८३९ सालचा. तांबड्या मुंगीची नक्कल करणाऱ्या जातीचं पहिलं वर्णन श्रीलंकेतल्या नमुन्यावरून १८६९ मध्ये झालं, तेव्हा ती तिसऱ्याच वंशात होती. पुढे मुंगीसारखे उडी मारणारे बरेच कोळी मिर्मराक्नेत पडत गेले आणि जातींची संख्या दोनशेच्या वर गेली.

२०१६ मध्ये एका ज्येष्ठ युरोपीय अभ्यासकाने हा गठ्ठा फोडला. आधार मुख्यतः जननेंद्रियांच्या रचनेचा होता. ओळख पटवायला सोपं जावं हा त्यांचा हेतू, आणि तो रास्तच होता. पण वंशावळ न तपासता, डीएनए न पाहता वंश पाडायला नको होते, हा इतर तज्ज्ञांचा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. या गठ्ठ्यातले सगळे कोळी एकाच पूर्वजाचे असतील, तर जुनं नाव चुकीचं नव्हतंच. तरीही आंतरराष्ट्रीय यादीने बरेचसे नवे वंश स्वीकारले, आणि एकच जात दोनदा मोजली जाण्याची वाट मोकळी झाली.

वर्तनाच्या अभ्यासालाही याचा फटका बसतो. आठही पायांवर चालता चालता क्षणभर थांबून पुढचे पाय मुंगीच्या मिशांसारखे उचलायचे, ही एका मुंगीरूपी जातीची लकब २०१७ च्या अभ्यासात वेगवान कॅमेऱ्याने टिपली. ती जात अजून मिर्मराक्नेतच आहे. वंशाचं नाव एक होतं म्हणून तो निष्कर्ष आपल्याकडच्या कोळ्याला सरसकट लावला जातो, तो तपासूनच लावायला हवा. लांब जबड्यांचा नर ओझं वाहणाऱ्या मुंगीसारखा दिसतो आणि म्हणून अशा मुंग्या टिपणाऱ्या शिकाऱ्यांच्या तावडीत सापडतो, हे दाखवणाऱ्या २००६ मधल्या प्रयोगांबाबतही तसंच.

नोंदवहीत दोन्ही नावं लिहावीत, सोबत जवळच्या मुंगीचा फोटो जोडावा. जातीचं नाव मात्र प्रौढ नराचे पाल्प (तोंडाजवळचे पायांसारखे छोटे अवयव) किंवा मादीची जननरचना तपासल्यावरच पक्कं धरावं.